गौण खनिजाची गौण नसलेली किंमत

गावालगत खडीची नवी खाण काढण्याचा प्रस्ताव आला की चर्चा होते ती रोजगाराची आणि शासनाला मिळणाऱ्या स्वामित्वधनाची. रस्ता, धरण वा घर खडीवाचून उभे राहत नाही, हे खरेच. आणि दख्खनच्या पठारावर काळा पाषाण विपुलही आहे. परंतु खडीचा दर ब्रासमागे ठरतो तेव्हा सुरुंग, यंत्रे, मजुरी व वाहतूक एवढाच खर्च धरला जातो. पिकांवर बसणारी धूळ, घरांच्या भिंतींना जाणारे तडे, खोल खोदाईमुळे आटणाऱ्या विहिरी हा सारा खर्च शेजाऱ्यांच्या खाती पडतो. अर्थशास्त्र यालाच बाह्य खर्च म्हणते.

१९५७ च्या कायद्याने गौण खनिजांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. पुढे पाच हेक्टरांहून लहान खाणींना पर्यावरणीय परवानगी लागत नसे. म्हणून मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडण्याची पळवाट निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपककुमार खटल्यात ती बुजवली. तथापि कागदावरील अटी खाणीत पाळल्या जातात की नाही, हे पाहणारी यंत्रणा तितकीच जागरूक हवी.

खोदाई भूजलपातळीच्या वरच थांबवावी, वरची माती राखून ठेवावी आणि जमीन सावरण्याच्या पूर्ण खर्चाइतकी अनामत खाणचालकाकडून आधीच घ्यावी. जमीन सावरल्याखेरीज ती परत करू नये. यामुळे खडी थोडी महागेल. परंतु तिच्या किमतीचा जो हिस्सा आज शेतकरी मुकाट्याने भरतो, तो निदान ती वापरणाऱ्याच्या माथी येईल.