मृत्यूची नोंद आणि वऱ्हाडचा ‘ताप’

सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट व्हिक्टोरिया राणीच्या काळात मोर्शी तालुक्यात मोडत असे. १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडात अशा गावांतील जन्ममृत्यूच्या नोंदीचा भार वैद्यकीय शिक्षण नसलेल्या ग्रामाधिकाऱ्यांवर होता. मृत्युदर, म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे मृत्यू, याच नोंदींवरून काढला जाई. पटकी (कॉलरा) आणि देवी यांची लक्षणे ठळक असल्याने त्या ओळखल्या जात, परंतु हिवताप, विषमज्वर, क्षय, इतकेच नव्हे तर बाळंतरोगही बहुधा ‘ताप’ या एकाच रकान्यात जमा होत, आणि म्हणून त्या काळच्या तक्त्यांतील तापाचा प्रचंड आकडा हा रोगाचा नव्हे, तर निदानाच्या अभावाचा पुरावा म्हणून वाचला पाहिजे.

पटकी दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नो याने लंडनमध्ये १८५४ साली दाखवले आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात तिचा जंतू ओळखला. तरी नदीनाल्यांवर आणि उघड्या विहिरींवर अवलंबून असलेल्या गावांना त्या ज्ञानाचा लाभ फार उशिरा झाला. १८९९-१९००च्या दुष्काळात उपासमारीने खचलेल्या शरीरांवर पटकी, हगवण व हिवताप एकाच वेळी तुटून पडले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली २८,९७,४९१ होती, ती १९०१ साली २७,५४,०१६ भरली. या घटीत स्थलांतराचाही वाटा असला, तरी अकाली गेलेल्यांची, विशेषतः नोंदीपूर्वीच दगावलेल्या अर्भकांची, खरी संख्या तीत मावत नाही.