ट्रंक कॉल ते थेट संवाद

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी (ता. शिरूर) हे आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील कामगार दूरगावच्या आपल्या घरी क्षणार्धात बोलू शकतो. चार-पाच दशकांपूर्वी ग्रामीण महाराष्ट्रात हे शक्य नव्हते. दूरध्वनी मोजक्याच घरी असे. इतरजण शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी. पी.’ अशी खूण करून देत. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. साधा, तातडीचा व ‘लाइटनिंग’ असे त्याचे प्रकार असत; घाई जितकी अधिक, तितका आकार अधिक. घरात कोणी आजारी असल्यास हा विलंब जिवावर बेतण्याचे भय असे.

लखनौ–कानपूर दरम्यान १९६० मध्ये एस.टी.डी. सेवा सुरू झाली. परंतु खेड्यांची अडचण निराळी होती. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक केंद्रांना वातानुकूलित खोली लागे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ने उष्णता व धूळ सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे लहान स्वयंचलित केंद्र विकसित केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले केंद्र सुरू झाले आणि खेड्यांतून थेट क्रमांक फिरविण्याचा मार्ग मोकळा झाला. तंत्रज्ञान येथील हवामानास अनुरूप घडले, तेव्हाच ते खेड्यापर्यंत पोहोचले, हाच या वाटचालीचा बोध होय.