बजरीगर पक्ष्यांचें संगोपन

गिरगांव, परळ, लालबाग किंवा दादर या भागांतील चाळींतून सायंकाळीं फेरफटका करणाऱ्यास गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेले कपडे, तुळशीच्या कुंड्या आणि त्यांच्यामध्यें कोठें तरी टांगलेला एखादा तारेचा पिंजरा हटकून दिसतो. त्या पिंजऱ्यांत हिरवीं, निळीं, पिवळीं अशीं चार-दोन इवलीशीं पांखरें अखंड किलबिल करीत असतात. 'हीं कोणतीं पांखरें?' असें विचारल्यास घरांतील लहानथोर मंडळी 'लव्हबर्ड' असें नांव सांगतात. वस्तुतः लव्हबर्ड हे आफ्रिका खंडांतील आंखूड शेपटीचे, जाडसर बांध्याचे निराळेच पक्षी होत. आपल्या चाळींतून दिसणाऱ्या या पांखरांचें खरें नांव बजरीगर. आमच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं हे पक्षी आहेत, व त्यांच्याविषयीं कांहींना कांहीं प्रश्न आम्हांस दरवर्षीं विचारले जातात. त्या सर्वांचें उत्तर एके ठिकाणीं द्यावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियांतील एक लहानसा पोपट होय. त्याची लांबी सुमारें सात इंच असून वजन अवघें तीन तोळ्यांच्या आसपास भरतें. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८०५ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यानें १८४० सालीं जिवंत बजरीगर इंग्लंडांत नेले, आणि तेथून हा पक्षी जगभर घरोघरीं पसरला. रानांतील बजरीगर हिरव्या अंगाचा व पिवळ्या तोंडाचा असतो. निळा, पांढरा, निव्वळ पिवळा इत्यादि रंग पाळणाऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवडक जोड्या लावून वाढविलेले आहेत.

या पक्ष्याचें रानांतील जीवन ध्यानांत घेतलें, म्हणजे त्याच्या संगोपनाचे बहुतेक नियम आपोआप सुचतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशांत हे पक्षी मोठमोठ्या थव्यांनीं राहतात. जेथें पाऊस पडून गवतास दाणा धरतो तेथें ते जातात, आणि झाडाच्या ढोलींत अंडीं घालतात. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, बजरीगर एकटा सुखी राहत नाहीं. त्यास सोबती पाहिजे, आणि सोबती नसल्यास घरांतील माणसांचा पुष्कळ सहवास पाहिजे. दुसरी ही कीं, तो उडणारा पक्षी आहे. त्याचा पिंजरा उंच असण्यापेक्षां लांबरुंद असावा. तिसरी ही कीं, ढोलीसारखी जागा मिळेपर्यंत तो सहसा अंडीं घालीत नाहीं. या तिसऱ्या गोष्टीचा उपयोग पुढें सांगूं.

पक्षी घेण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो तें माहीत असावें. आपल्याकडील कंठवाला पोपट, ज्यास आपण राघू म्हणतों, तो पकडणें, विकणें किंवा पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. आजोबांच्या काळीं घरोघरीं राघू असे, हें आज सबब म्हणून चालत नाहीं. बजरीगर हा परदेशी पक्षी असून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच वाढलेला आहे, म्हणून तो पाळण्यास या कायद्याची आडकाठी नाहीं. १८६९ सालीं बांधून झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, जिला आतां महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणतात, पक्ष्यांच्या बाजारासाठीं मुंबईकरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तथापि पक्षी कोठूनही घेतला तरी दुकान नोंदलेलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. २०१८ च्या नियमांप्रमाणें अशी नोंदणी आवश्यक आहे. पक्षी निवडतांना त्याचे डोळे स्वच्छ, पिसें अंगासरशीं आणि शेपटीखालचा भाग कोरडा असावा. कोंवळ्या पक्ष्याच्या कपाळावर चोंचीपर्यंत आडव्या रेघा असतात, व त्या तीन-चार महिन्यांनीं नाहींशा होतात. असा कोंवळा पक्षी माणसास लवकर सरावतो.

आतां पिंजऱ्याच्या जागेविषयीं. दीड खोलीच्या बिऱ्हाडांत जागा ती किती, आणि त्यांत पिंजऱ्यास कोठली द्यावी, हा मोठाच प्रश्न असतो. पुष्कळ लोक पिंजरा स्वयंपाकघरांत टांगितात. ही चूक प्राणघातक ठरूं शकते. पक्ष्याच्या शरीरांत फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, व प्रत्येक श्वासाबरोबर तो आपल्याहून कितीतरी अधिक प्रमाणांत हवेंतील द्रव्यें शोषून घेतो. याच कारणास्तव पूर्वीं कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. नॉन-स्टिक तवा फार तापला असतां त्याच्या लेपांतून जो वायु निघतो, त्यानें पक्षी कांहीं मिनिटांत मरतो. माणसास त्याचा वासही येत नाहीं. फोडणीचा धूर, धूप-उदबत्ती, डांस मारण्याची अगरबत्ती, हीं देखील त्यास अपायकारक आहेत.

म्हणून पिंजरा बाहेरच्या खोलींत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीस लागेल असा ठेवावा. गॅलरींत सकाळचें कोंवळें ऊन अवश्य द्यावें, परंतु पिंजऱ्याचा कांहीं भाग सावलींत असावा, व मांजर आणि कावळा यांवर कोणी तरी नजर ठेवावी. रात्रीं पिंजरा आंत घ्यावा, कारण उंदीर तारेंतून देखील पक्ष्याचा पाय तोडतो. खोलींत मोकळें उडूं द्यावयाचें असेल, तर आधीं छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्या, आणि मगच दार उघडावें. बसण्यासाठीं एकाच जाडीच्या गुळगुळीत काठ्या न लावितां पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या धुऊन लावाव्या. जाडी कमीजास्त असल्यानें पक्ष्याच्या पायांस व्यायाम होतो.

या पक्ष्यास दहा-बारा तास अंधार व शांतता लागते, आणि मध्य मुंबईंत हीच गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे. लालबागेंत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस गणेशोत्सवाच्या दिवसांत रात्र म्हणजे काय असते, हें सांगावयास नकोच. दिवाळींतील फटाकेही तसेच. अचानक आवाज झाला कीं पक्षी अंधारांत पिंजऱ्यावर आदळतात, व पंख मोडून घेतात. अशा दिवसांत पिंजरा घराच्या आंतल्या भिंतीशीं न्यावा, त्यावर हवा खेळेल असें सुती कापड टाकावें, आणि जवळ एक मंद दिवा ठेवावा.

खाण्यास राळे, वरी व बाजरी हीं बारीक धान्यें मुख्य होत. परंतु केवळ दाण्यावर वाढलेला पक्षी लठ्ठ व अल्पायुषी होतो. कोथिंबीर, मेथी, किसलेलें गाजर, कोंवळें मक्याचें कणीस, यांपैकीं कांहीं तरी रोज स्वच्छ धुऊन द्यावें. चुन्याच्या अंशासाठीं समुद्रफेस पिंजऱ्यास बांधावा. तो काष्ठौषधींच्या दुकानांत अल्प किंमतींत मिळतो. चॉकलेट, चहा, खारे पदार्थ व अॅव्होकॅडो हें फळ कदापि देऊं नये. पावसाळ्यांत दाण्यास बुरशी येते, म्हणून तो थोडा थोडा आणावा व घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा.

दाण्याविषयीं आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्ही फार मोल देऊन शिकलों. बजरीगर दाणा सबंध गिळीत नाहीं. तो चोंचीनें सोलतो, आंतील गर खातो आणि फोलपट तेथल्या तेथें वाटींत टाकितो. नाताळाच्या आधींचा आठवडा होता. घरांत फराळाची गडबड, मुलांची गायनाची तालीम, आणि आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. घरांत सहा माणसें. जो तो येतां जातां वाटीकडे पाही, ती भरलेली दिसे, आणि कोणी तरी दाणा घातला आहे असें समजून पुढें जाई. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमचा निळा नर पिंजऱ्याच्या तळाशीं अंग फुगवून बसलेला आढळला. वाटी उचलून फुंकर मारली, तों सारीं फोलपटें उडून गेलीं आणि खालीं एकही दाणा उरला नव्हता. मादी वांचली, नर दुपारपर्यंत गेला. वाटी भरलेली होती, घर भरलेलें होतें, आणि तरी एक जीव उपाशीं मेला. आमच्या धाकट्या मुलीनें विचारलें, 'दाणा घालायचा होता कोणी?' त्या प्रश्नाला आमच्यापैकीं कोणापाशींही उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं दाराच्या मागें एक कागद लाविलेला असतो. दाणा कोणाकडे, पाणी कोणाकडे, पिंजऱ्याचा तळ धुणें कोणाकडे, हें त्यावर नांवानिशीं लिहिलेलें असतें, आणि दर रविवारीं नांवें बदलतात. गर्दीच्या घरांत पक्षी पाळणाऱ्यांस आमचें पहिलें सांगणें हेंच आहे. ज्या कामास एक नांव नाहीं, तें काम कोणाचेंच नसतें.

आतां पैदाशीकडे वळूं. नर व मादी ओळखण्याची खूण चोंचीच्या मुळाशीं, नाकपुड्यांच्या भोंवतालच्या त्वचेंत असते. पूर्ण वाढलेल्या नराची ही त्वचा निळी असते, मादीची पांढुरकी किंवा तपकिरी. कांहीं पिवळ्या-पांढऱ्या जातींच्या नरांत ती गुलाबीच राहते, म्हणून तेथें सावध असावें. पक्षी निदान एक वर्षाचे झाल्यावांचून त्यांना अंड्यांवर बसवूं नये, आणि एकाच जोडप्याचीं पिलें आपसांत जोडूं नयेत.

ढोलीच्या जागीं आपल्याकडे बाजूस भोंक असलेलें लहान मातीचें मडकें वापरतात, व तें या कामीं उत्तम आहे. तळाशीं थोडा लांकडाचा स्वच्छ भुसा घालावा, म्हणजे अंडीं घरंगळत नाहींत व पिलांचे पाय फांकत नाहींत. पिंजऱ्यांत दोन जोड्या असल्यास मडकीं तीन-चार असावीं, नाहीं तर माद्या एकाच मडक्यासाठीं रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. मादी एक दिवसाआड एक याप्रमाणें चार ते सहा अंडीं घालते, आणि प्रत्येक अंडें सुमारें १८ दिवसांनीं फुटतें. अंडीं जशीं मागेंपुढें घातलेलीं, तशींच पिलें मागेंपुढें बाहेर येतात. त्यामुळें एकाच मडक्यांत आठवड्याचें पिलूं व आजचें पिलूं शेजारीं शेजारीं दिसतें. नर मादीस भरवितो, मादी पिलांस भरविते. पिलें आंधळीं व उघडीं जन्मतात, आणि सुमारें पांच आठवड्यांनीं मडक्याबाहेर येतात. पुढेंही कांहीं दिवस बाप त्यांस चारा देतो. तीं स्वतः दाणा सोलूं लागलीं अशी खात्री झाल्यावरच त्यांस वेगळें करावें. या काळांत मुलांनीं मडक्यांत वारंवार हात घालूं नये.

अंडीं घालणाऱ्या मादीस चुन्याचा अंश कमी पडल्यास अंडें पोटांत अडकतें. मादी तळाशीं फुगून बसली व कण्हत असली, तर घरगुती उपाय करण्यांत वेळ न दवडितां वैद्य गांठावा. परळ भागांतील रहिवाशांचें भाग्य असें कीं, दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वानें उभें राहिलेलें बाई साकरबाई यांच्या नांवाचें प्राण्यांचें रुग्णालय, आणि १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, हीं दोन्ही तेथेंच आहेत. पक्षी आपलें दुखणें शेवटपर्यंत लपवितो. त्यामुळें तो आजारी दिसूं लागला म्हणजे आजार आजचा नव्हे, असें समजावें. पोपटांपासून माणसास एक प्रकारचा फुप्फुसांचा ज्वर होऊं शकतो, व १९२९-३० मध्यें त्याची सांथ अनेक देशांत पसरली होती. यास्तव पिंजऱ्याची विष्ठा वाळूं न देतां ओल्या फडक्यानें पुसावी, व हात साबणानें धुवावे.

शेवटीं एक हिशेब मांडूं. एका खेपेस पांच पिलें धरलीं व वर्षांत दोन खेपा झाल्या, तर वर्षाअखेर एका जोडीचीं बारा पांखरें होतात. तीं कोठें राहणार? 'सोडून देऊं' असें पुष्कळ मुलें सहज म्हणतात. परंतु पिंजऱ्यांत जन्मलेल्या या परदेशी पांखरास मुंबईच्या आकाशांत मोकळीक मिळत नाहीं, कावळे मिळतात. म्हणून मडकें टांगण्यापूर्वीं प्रत्येक पिलासाठीं एक घर निश्चित असावें. तें नसेल तर मडकें काढून ठेवावें. वर सांगितल्याप्रमाणें, मडकें नसलें कीं जोडी सहसा अंडीं घालीत नाहीं, आणि सोबतीच्या सुखास त्यामुळें कांहीं उणें येत नाहीं. दोन खेपांनंतर तर मडकें काढलेंच पाहिजे, नाहीं तर मादी झिजून मरते.

उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्यास आकाशांतील पांखरांवर सत्ता दिल्याचें सांगितलें आहे. ती सत्ता धन्याची नव्हे, कारभाऱ्याची होय, असें आम्ही मानितों, आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब फार मोठ्या गोष्टींनीं सुरू होत नाहीं. ज्यांच्या घरीं पिंजरा आहे त्या विद्यार्थ्यांनीं उद्यां सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं दाण्याची वाटी हातीं घ्यावी आणि तिच्यावर एक फुंकर मारून पाहावें.