सरकीवरची लव आणि सेलोफेन कागद

गेवराई-माजलगावकडे कापसाची पिंजाई नव्हे, तर जिनिंग झाले की रुई वेगळी होते आणि सरकी तेल गिरणीकडे जाते. त्या सरकीला बारीक लव चिकटून राहते. तिला लिंटर म्हणतात. ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. लव न काढता सरकी गाळल्यास ती तेल धरून ठेवते व पेंडीत जाते. लव काढून घेतल्यास मात्र तिच्यापासून अनेक वस्तू बनतात. पारदर्शक सेलोफेन कागद हा त्यांपैकी एक, जरी कारखाने बहुधा लाकडाचा लगदाच वापरतात.

हा लगदा प्रथम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात, पिळून त्याचा भुगा करतात व काही काळ मुरू देतात. नंतर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया केली की तो नारिंगी होतो. सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवल्यावर मधासारखा दाट द्राव मिळतो, तो व्हिस्कोज. तो गाळून अरुंद फटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. तेथे सेल्युलोज पुन्हा घट्ट होऊन पातळ पापुद्रा तयार होतो. तो धुऊन, ग्लिसरीनने मऊ करून, गरम रुळांवर वाळवतात. स्वित्झर्लंडचे रसायनतज्ज्ञ ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ साली हा शोध लावला. आपल्याकडे केरळातील पेरुंबावूरच्या त्रावणकोर रेयॉन्समध्ये हा कागद तयार होत असे. कार्बन डायसल्फाइड विषारी व अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्यामुळे हा घरगुती जोडधंदा नव्हे, कोणी तसे सुचविल्यास फसू नये.

बाजारात याला ‘जिलेटीन कागद’ म्हणतात. वास्तविक त्यात जिलेटीन नसते आणि त्या नावाने पुष्कळदा प्लास्टिकच मिळते. खात्री करण्यासाठी लहान पट्टी चिमट्यात धरून पेटवावी. सेलोफेन कागदासारखा जळून चुरगळणारी राख राहते, प्लास्टिक वितळून गोळा होते. शिवाय सेलोफेनला पीळ दिला की तो तसाच राहतो, म्हणून गोळ्या-पेपरमिंटला तो सोयीचा.

साधा सेलोफेन हवेतील ओल आत येऊ देतो. पावसाळ्यात गूळ किंवा चिक्की त्यात ठेवल्यास पाझरते, त्यासाठी ओलरोधक लेप दिलेलाच कागद मागावा. लेप नसलेला कागद मातीत कुजतो, लेपाचा त्या मानाने सावकाश. बालाघाटातील सीताफळाचा गर गोठवताना मात्र साधा सेलोफेन वापरू नये. ओल लागताच तो लिबलिबीत होतो. तेथे खाद्यपदार्थांसाठीची जाड पॉलिथीन पिशवीच घ्यावी व हवा काढून तोंड घट्ट बंद करावे.