दोन पेरं माती

बँकेत असताना माझ्या केबिनच्या कोपऱ्यात रबराचं झाड होतं. येणारा-जाणारा पेल्यातलं उरलेलं पाणी त्याच्या कुंडीत ओतायचा. पानं पिवळी पडून गळू लागली. पाणी कमी पडतंय असं समजून आम्ही आणखी घातलं. झाड गेलं. कुंडी उपसली तर मुळं काळी, कुजलेली. आमचा शिपाई एवढंच म्हणाला, "साहेब, मातीत बोट घालून बघायचं होतं."

हे झाड वड-पिंपळाच्या भाऊबंदांतलं. टायरचं रबर देणारं ब्राझीलचं झाड वेगळं. याचं माहेर ईशान्य भारत. मेघालयात खासी लोक याचीच मुळं ओढ्यांवरून वळवून जिवंत पूल घडवतात. चेरापुंजीच्या पावसात जगणारं झाड कुंडीत पाण्यानं कसं मरतं? तिथं पाणी उतारावरून वाहून जातं, मुळांना हवा मिळते. कुंडीत ते साचतं आणि मुळं गुदमरतात.

तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. दिवाणखान्यातलं रबराचं झाड तिचं. तिच्या माघारी मी रोज सकाळी नेमानं तांब्याभर पाणी घालू लागलो. महिन्याभरात खालची पानं पिवळी झाली, तेव्हा शिपाई आठवला. बोट घातलं, मातीचा चिखल झाला होता. ताटलीतलं पाणी ओतून दिलं आणि पंधरा दिवस हात आवरला. त्या झाडासाठी केलेलं सगळ्यांत अवघड काम तेच.

आता वरची दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी घालतो. तेही तळातून निथळेपर्यंत. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा-दोनदा, थंडीत दहा-पंधरा दिवसांनी. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसतो.

त्याच झाडाची गुटी तिनं सोसायटीच्या आवारात, भिंतीपासून लांब लावली होती. याची मुळं भिंतीलाही सोडत नाहीत. पहिले दोन उन्हाळे तिनं तिला बादलीनं पाणी घातलं. आज ते झाड दुसऱ्या मजल्याला टेकलंय. आता त्याला कुणी पाणी घालत नाही. त्याचं ते शोधून घेतं.

घरातल्याला मात्र माझीच वाट पाहावी लागते. म्हणून रोज सकाळी आधी बोट, मग तांब्या. बऱ्याचदा तांब्या भरलेलाच परत जातो.