रिक्षावाला कादंबरीकार : मनोरंजन ब्यापारी

१९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांची घटना समितीची वाट अडवली गेली, तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून पाठविण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल झटले, हे आपल्याला ठाऊक आहेच. मंडल बारिसाल जिल्ह्यातले, नामशूद्र समाजातले. त्याच बारिसालचा, त्याच समाजाचा आणखी एक माणूस आपल्या मुलाबाळांना माहीत असायला हवा. त्यांचे नाव मनोरंजन ब्यापारी.

जन्म १९५० च्या सुमाराचा. फाळणीनंतर कुटुंब निर्वासित म्हणून पश्चिम बंगालच्या छावणीत आले. उपासमारीला कंटाळून पोर लहानपणीच घराबाहेर पडले. चहाच्या टपरीवर राबले, पडेल ते काम केले. शाळा मात्र नाही. पुढे नक्षलवादी चळवळीच्या धामधुमीत हा तरुण कोलकात्याच्या तुरुंगात पडला आणि तिथे एका वयस्क कैद्याने त्यांना अक्षरओळख करून दिली. पाटी म्हणजे जमीन, लेखणी म्हणजे काडी!

सुटल्यावर जादवपूरला सायकलरिक्षा ओढू लागले. भाडे नसेल तेव्हा वाचन. एकदा ‘जिजीबिषा’ हा शब्द अडला. रिक्षात बसलेल्या बाई शिकलेल्या दिसल्या, म्हणून त्यांनाच अर्थ विचारला. जगण्याची इच्छा, असा अर्थ बाईंनी सांगितला. त्या होत्या महाश्वेतादेवी. रिक्षावाल्याच्या जगण्यावर माझ्या ‘बर्तिका’ या नियतकालिकासाठी लिहा, असे त्यांनी सुचविले. १९८१ साली लेख छापून आला.

सिनेमा इथेच संपला असता. पण लेख छापून आल्याने चूल पेटत नाही. ब्यापारी छत्तीसगढात गेले, शंकर गुहा नियोगींच्या कामगार चळवळीत राहिले. नियोगींची १९९१ साली हत्या झाली. काही वर्षांनी कोलकात्याला परतून ते मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाकी झाले. सुमारे दीडशे जणांचे दोन वेळचे जेवण, आणि उरलेल्या वेळात लिखाण. आत्मचरित्र आले २०१२ साली, म्हणजे साठी उलटल्यावर. पाठोपाठ ‘बातासे बारुदेर गंध’ ही कादंबरी.

ही कादंबरी तुरुंगातली आहे. नक्षलवादी कैदी पळून जाण्याचा बेत आखतात आणि जेलर त्यांच्यात खबऱ्या म्हणून एक भुरटा चोर सोडतो. चोराचे नाव भगवान! तुरुंगात अक्षरे गिरवलेल्या माणसालाच असे लिहिता येते. पुस्तके वाचून तुरुंग लिहिणाऱ्याला भिंती दिसतात, भाकरीच्या तुकड्यावरून चाललेले राजकारण दिसत नाही.

आपल्याकडे पन्नाशी-साठीचे कितीतरी लोक म्हणतात, ‘आता या वयात काय लिहिणार?’ मी स्वतः कारकून; दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत टिपणी लिहिणाऱ्यांची अडचण मला कळते. पण १९८२ चा गिरणी संप सोसलेले, नामांतराच्या दिवसांत लाठ्या खाल्लेले काका-मावशी अजून आपल्या चाळीत आहेत. त्यांनी लिहिले नाही तर त्यांच्यावर कोण लिहिणार, आणि काय लिहिणार? निदान नातवंडांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे.

ब्यापारींच्या या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०१९ मध्ये जेसीबी पुरस्काराच्या अंतिम यादीत आले. तेव्हाही ते शाळेच्या स्वयंपाकघरातच होते. तब्येत साथ देईना म्हणून त्यांनी अर्जविनंत्या केल्या, तेव्हा कुठे २०२० साली त्यांची बदली झाली, एका ग्रंथालयात.