दाबल्यावर मिटते ती शीर

पायाच्या शिरेत नुकतीच झालेली गुठळी सोनोग्राफीच्या पडद्यावर पुष्कळदा वेगळी दिसतच नाही. वाहत्या रक्ताइतकीच ती काळी असते. म्हणून या तपासणीत नजरेइतकंच हाताला काम असतं. प्रोब आडवा धरून शीर दाबायची. निरोगी शीर पापणीसारखी मिटते, शेजारची धमनी मात्र धडधडत राहते. शीर मिटली नाही तर आत गुठळी आहे असं समजायचं.

खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांत हे साधं काम अवघड होऊन बसतं. "आजी, गुडघा जरा बाहेर वळवा," म्हणावं, तर पाय हलत नाही. सिस्टर गुडघ्याखाली उशी सरकवतात, मी ड्रेसिंग सांभाळत जांघेत प्रोब टेकवते. तिथून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत दर एक-दोन सेंटिमीटरवर दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. मांडीच्या खालच्या भागात शीर स्नायूंत खोल शिरते. तिथे वरून कितीही दाबा, ती मिटत नाही आणि नवशिक्याला गुठळीचा भास होतो. अशा वेळी दुसरा हात मांडीखाली घालून मागून स्नायू प्रोबकडे ढकलायचे. बहुतेकदा शीर लगेच मिटते. धमनीही किंचित चपटी झाली की दाब पुरेसा होता, हे कळतं.

घाईत सुटते ती पोटरी. तिथल्या शिरा बारीक, धमनीच्या दोन्ही अंगांनी जोडीनं जाणाऱ्या; पाय सुजला असेल तर त्या शोधण्यातच वेळ जातो. पण गुठळी पुष्कळदा पोटरीतच धरते आणि वर वाढत जाते. ती गुडघ्याच्या वर पोचली की तुकडा सुटून फुप्फुसात अडकण्याचा धोका वाढतो. त्यानं माणूस काही मिनिटांतही जाऊ शकतो. तेव्हा पोटरीसाठी दहा मिनिटं जास्त गेली तरी ती द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

मंदावलेला प्रवाह, शिरेच्या अस्तराला इजा आणि गोठण्याकडे झुकलेलं रक्त ही गुठळीची तीन कारणं जर्मन वैद्यक फिर्खो यांच्या नावानं शिकवली जातात. हाड मोडून खाटेला खिळलेल्या वृद्धांत ही तिन्ही एकत्र येतात. गुठळीसाठी केली जाणारी डी-डायमर ही रक्ततपासणी इथे फारशी कामाची नाही, कारण हाड मोडल्यावर आणि ऑपरेशननंतर तो आकडा एरवीही वाढलेला असतो.

गुठळी ऑपरेशनची वाटही पाहत नाही. मोरीत घसरून पडल्यावर काहींचे चार-आठ दिवस घरच्या खाटेवर किंवा हाडवैद्याकडे जातात. अशा रुग्णाला ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याआधीच त्याचे दोन्ही पाय तपासायला हवेत. गुठळी सापडली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना बेत बदलावा लागतो.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑपरेशननंतर पोटरी सुजली, दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका, डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा. तपासणी एकदा स्वच्छ आली म्हणून निर्धास्त राहू नका, गुठळी घरी गेल्यावरही होते. खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारं औषध पस्तीस दिवसांपर्यंत दिलं जातं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मध्येच बंद करू नका.